हे पान बकरीनं खाल्लं!

वेबसाइटवर वाट चुकलेला माणूस हसत-हसत परत जाईल असं पान अख्ख्या चंद्रपूर जिल्ह्यात कुणी बनवलं असेल, तर ते मीच! खोटं नाही सांगत.

तुम्हीही पाहिलं असेलच. बोट जरा इकडंतिकडं पडलं की पांढराफटक पडदा येतो, 'चारशे चार, पान सापडत नाही'. इतकं कोरडं, की कचेरीच्या खिडकीतून कुणी मान वर न करताच 'उद्या या' म्हटल्यासारखं वाटतं!

आमचं गाव गोंडपिपरीहून बरंच आत, जंगलात. यंदा ग्रामसभेनं तेंदूपत्ता, म्हणजे बिडीचं पान, आपला आपण विकायचं ठरवलं. मी चंद्रपुरात कंप्युटर शिकून आलेलो, म्हणून वेबसाइट माझ्या गळ्यात पडली. मालाचे फोटो टाकून झाले आणि मी मोहाच्या सावलीत खाटेवर आडवा झालो. समोर फळीवर, म्हणजे पान वाळवायच्या मैदानात, पुड्यांच्या रांगा उन्हात झोपलेल्या. वाळत्या पानांचा वास असा, की माणसाला बसल्या जागी गुंगी यावी. डोळा लागला, आणि पाहतो तर काय! नागपूरचे, मुंबईचे, पार परदेशातले लोक माझ्या वेबसाइटवर मुद्दाम चुकायला रांग लावून उभे! मी एका ढगावर बसून त्यांना म्हणतोय, 'धक्काबुक्की नको, सगळ्यांना चुकायला मिळेल!'

उठलो आणि त्याच तंद्रीत लिहून काढलं: 'हे पान सापडत नाही. नथ्थूभाऊंच्या बकरीनं खाल्लं असावं. घडीभर मोहाखाली बसा, वाऱ्यानं दुसरं येईल.' बाजूला माझ्या बायकोनं, रंजीतानं, बकरी काढून दिली. तोंडात पान, डोळे अर्धे मिटलेले, तीही स्वप्नातच! नथ्थूभाऊ आमचे शेजारी. त्यांना विचारायचं तेवढं राहून गेलं.

त्याच भरात मी मालाच्या पानाचा पत्ताही बदलून टाकला. जुना फार रुक्ष वाटत होता हो! पण तोच जुना पत्ता ग्रामसभेच्या अध्यक्ष सोमारीबाईंनी व्यापाऱ्याला, भैयाजींना, आधीच कळवला होता.

दुसऱ्या दिवशी सोमारीबाई फळीवर धावत आल्या.

"काऊन रे, पान कोणी खाल्लं? भैयाजीचा फोन आलता! म्हणे बकरीनं खाल्लं, असं तुमच्याच वेबसाइटवर लिवून हाये! तो येऊन राह्यला इथी. पान नसन तं घ्याले जिवतीकडच्या गावायत जातो म्हणते!"

गावानं उन्हातान्हात तोडलेलं पान, बायांनी रात जागून बांधलेले पुडे, आणि व्यापारी चालला जिवतीला! मी तोंड उघडेपर्यंत बातमी माझ्या पुढं पळाली. पहिल्या घरी बकरीनं एक पुडा खाल्ला होता. शेवटच्या घरापर्यंत बकरी अख्खी फळी खाऊन ढेकर देत होती!

नथ्थूभाऊ बकरीची दोरी धरून आले. डोळ्यांत पाणी.

"माह्या चांदनीनं पान खाल्लं नाई! ते कालपासून घरी बांधून होती. कोण म्हणते ते समोर या!"

समोर मीच होतो. पण मी त्या वेळी आभाळाकडं पाहत होतो.

तेवढ्यात धुरळा उडवत जीप आली. भैयाजी उतरले. माणूस भारी, आवाज त्याहून भारी.

"कोनसी बकरी?"

सगळ्यांनी चांदनीकडं बोट केलं. आता गप्प बसणं शक्य नव्हतं.

"भैयाजी, ते पान हे पान नव्हे! वेबसाइटचं पान! पुस्तकाचं असते ना, तसं! तो विनोद होता!"

कुणीही हसलं नाही. समजावून सांगितलेल्या विनोदाची अवस्था दुसऱ्यांदा उकळलेल्या चहासारखी होते. म्हटलं, दाखवतोच! फोन काढला, पान उघडायला गेलो. पण फळीवर नेटवर्क कुठलं? पडद्यावर इंटरनेट नसल्याचा निरोप आला आणि त्याच्या डोक्यावर एक बारकासा डायनासोर उभा!

सोमारीबाई वाकून पाहू लागल्या. "आता हे कोणतं जनावर? यानंबी खाल्लं काय?"

"मी म्हटलं नोतं?" नथ्थूभाऊ ओरडले. "माही बकरी निर्दोष हाये!"

शेवटी सगळी वरात नेटवर्कसाठी तलावाच्या पाळीवर, म्हणजे उंच बांधावर, निघाली. पुढं भैयाजी, मागं गाव, मधे चांदनी. पाळीवर वारा सुटला होता. पाण्यात ढग हळूहळू चालले होते. फोनवर बकरी उमटली. भैयाजी ओठ हलवत वाचत गेले. वाचून झालं, आणि ते पाळीवरच्या मोहाखाली धपकन बसले. मला वाटलं, चक्कर आली!

"लिखा है ना, घडीभर बैठो," ते म्हणाले. आणि पोट धरून असे हसले, की तलावातले बगळे उडाले!

मग खाली येऊन त्यांनी पुडे उलटून-पालटून पाहिले. पान चांगलंच होतं. सौदा तिथंच ठरला. सोमारीबाईंनी इतका वेळ धरून ठेवलेला श्वास सोडला. नथ्थूभाऊंच्या समाधानासाठी मला पानाखाली 'चांदनीवरील आरोप खोटा आहे' असं लिहावं लागलं.

आता भैयाजींच्या ओळखीचे लोक खरोखरच मुद्दाम चुकीचा पत्ता टाकून ते पान पाहतात. संध्याकाळी मी अंगणात बसलो होतो, डोळे मिटून, पुन्हा त्याच ढगावर. अगदी सहज रंजीताला विचारलं, "लोकायले माहं लिवणं एवढं काऊन आवडलं असन?"

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "लिवलेलं कोण वाचते जी? सारे बकरी पाहून राह्यले!"