मुळेकाकांचे शंभर दाणे

मुळेकाका भेटले की आधी तुमच्या ओंजळीत शंभर भाजलेले शेंगदाणे ओततात आणि म्हणतात, "घ्या, देश तुमचा. आता वाटा."

वाटायचे म्हणजे जुन्या कॅलेंडरच्या मागे त्यांनी आखलेल्या चौकोनांत मांडायचे. संरक्षण, रस्ते, शाळा, दवाखाने, पेन्शन आणि कोपऱ्यात कर्जाचं व्याज. दाणे कमी पडतातच. मग काका खिशातून आणखी मूठभर काढतात. "हे उसने. तुमच्या नातवाच्या वाट्याचे." समोरचा म्हणतो, नातू अजून झालेला नाही. काका म्हणतात, "म्हणून तर तो भांडायला येत नाय."

वैजापूरच्या कोषागारात त्यांची सगळी नोकरी झाली. निवृत्तीनंतर ते आमच्या कॉलनीत आले. सरकारचा आजचा खर्च पुढच्या पिढीच्या डोक्यावर बसतो, हे लोकांना कुणी समजावून सांगत नाही. सांगितलं तर लोक शहाण्यासारखं बोलतील, अशी त्यांची श्रद्धा आहे. क्रांती चौकातली टपरी, न्हाव्याचं दुकान, सगळीकडे ते कॅलेंडर पसरलेलं आहे. गुलमंडीतल्या एका कापडवाल्यानं तर बोलता बोलता अख्खं संरक्षण खाऊन टाकलं. काका रागावले नाहीत. "खर्च असाच होतो," म्हणाले, "बोलता बोलता."

मी कॉलनीचा सचिव. काका मला नावानं हाक मारत नाहीत, 'सचिव'च म्हणतात. एकदा सगळ्यांना हॉलमध्ये जमवा, एवढंच त्यांचं मागणं होतं. मी वर्षभर हो म्हणत राहिलो आणि ते दिसले की दुसऱ्या जिन्यानं उतरत राहिलो. हे लिहितानाही लाज वाटते. शेवटी एकदा त्यांनी मला गेटवर गाठलं. "सचिव, चाळीस माणसं द्या. नाय जमली तर कॅलेंडर रद्दीत टाकतो." आवाज इतका साधा होता की मला धास्तीच वाटली.

मी ग्रुपवर टाकलं: रविवारी सहा वाजता देशाच्या अंदाजपत्रकावर चर्चा. उत्तरादाखल दोन अंगठे आणि एक 'शुभेच्छा' आली. शनिवारी सकाळी मी तो मेसेज काढला आणि नवा टाकला: रविवारी सहा वाजता पाण्याच्या टँकरबद्दल तातडीची बैठक.

आमच्या शहरात नळाची पाळी कधी येईल ते नळालाच ठाऊक. हॉल भरला. उरलेले दारात उभे राहिले.

काका इस्त्रीचा झब्बा घालून आले होते. टेबलावर दाण्यांच्या पुड्या रांगेत मांडलेल्या. गर्दी बघून त्यांचा चेहरा असा फुलला की मला तिथून पळावंसं वाटलं. "मंडळी, देश तुमचा," त्यांनी सुरुवात केली, तोच पहिल्या मजल्यावरच्या जाधवताई उठल्या.

"काका, देशाचं राहू द्या. टँकर कधी येतोय ते सांगा."

"कसला टँकर?"

ताईंनी माझ्याकडे बोट केलं. सगळा हॉल माझ्याकडे बघायला लागला. मी माझ्या चपलांकडे बघत होतो.

काकांनी कॅलेंडर सावकाश गुंडाळलं. संपलं, मला वाटलं. पण त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं, "मग ताई, पुढच्या पाळीपर्यंत पुरवता कसं?"

ताई आधी रागातच सांगत होत्या. पिण्याचं वेगळं काढायचं, तांदूळ धुतलेलं झाडाला, कपड्यांचं संडासला. "आणि वरच्या मजल्यावरून उसनं आणायचं नाय. एकदा आणलं की पुढच्या पाळीचं निम्मं फेडण्यातच जातं. मग परत उसनं."

काका खुर्चीतून उठलेच. "हेच. अहो, व्याज म्हणजे हेच. वर्षभर मी दाणे वाटत फिरतोय, अन् तुम्ही एका वाक्यात सांगितलं."

मग हॉलला कंठ फुटला. देशमुखांनी रोज गाडी धुणं कोणत्या चौकोनात बसतं, यावर वाद झाला. पुड्या फुटल्या, फरशीवर खडूचे चौकोन उमटले, पाच-पाच जणांनी देश वाटायला घेतला. कुणीतरी पेन्शनमधले दहा दाणे उचलले, तर ताई कडाडल्या, "काकांच्या ताटातलं काढता व्हय?"

"काढा की," काका म्हणाले, "पण एकेक काढा. एकदम काढलं की म्हातारं बोंबलतं."

आठ वाजता बायका स्वयंपाकासाठी उठल्या, तेव्हा एकाही चौकोनावर एकमत झालं नव्हतं. पण नातवाच्या वाट्याच्या उसन्या दाण्यांना कुणी हात लावला नव्हता.

साली झाडताना मी काकांची माफी मागितली. ते म्हणाले, "खोटं वाईटच. उद्या घरोघर जाऊन टँकरचं खरं सांगा." थोड्या वेळानं म्हणाले, "माणसं मात्र लई आली."

काकांनी घरून आणलेलं टेबल पोचवायला मी त्यांच्या घरात गेलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती. हंडे, बादल्या, पातेली, सगळं काठोकाठ भरलेलं आणि ताटल्यांनी झाकलेलं.

"काकू असताना एवढंच भरायचो," काका म्हणाले. "हाताला सवय आहे. एकट्याला किती लागतं हो? सगळा देश तुटीत, अन् माझ्याच घरी शिल्लक."

पाइप आणून पाणी घेऊन जा, म्हणाले. मी पाइप आणायला गेलो नाही. म्हटलं, काका, आधी चहा टाका. त्यांनी एका हंड्यावरची ताटली उचलली आणि दोन कप पाणी मोजून घेतलं. मग माझ्याकडे बघून आणखी दोन कप घेतलं.