जन्मापासूनची आवड

शनिवारी सकाळी साडेसहाला बाबा बूट घालून दारात उभे होते आणि घरात बाकी कुणाचे दातही घासून झाले नव्हते. लाँच साडेआठची. धक्का घरापासून दहा मिनिटांवर.

"धक्का काय पळून जातोय का?" आईने आतून विचारलं.

"धक्का नाही, लाँच पळते," बाबा म्हणाले आणि उगाच बुटांची नाडी सोडून पुन्हा बांधू लागले.

खाडीच्या पलीकडच्या किनाऱ्यावर मासळी मेळा भरला होता. लेक, दोन नातवंडं आणि आई यांना बोटीतून तिकडे न्यायचं बाबांनी महिनाभर आधीच ठरवून टाकलं होतं. जावई ऑफिसच्या कामाचं निमित्त सांगून सुटला. लेकीला सुटता येणं शक्य नव्हतं, कारण सगळा घाट तिच्याच आवडीसाठी घातलेला होता. अडचण एवढीच होती, की लेकीला मासे आवडत नव्हते.

आवडत नव्हते म्हणणंही सौम्यच. नुसत्या वासाने तिच्या पोटात ढवळायचं. ती चार वर्षांची असताना बाबांनी पहिला घास भरवला. घशाशी आलेलं परत जावं म्हणून तिने डोळे गच्च मिटले, श्वास धरला. मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं. "आवडलं?" बाबांनी विचारलं. तोंड उघडलं असतं तर घास बाबांच्या सदऱ्यावर आला असता, म्हणून तिने नुसती मान डोलावली. त्या एका होकारावर पुढची छत्तीस वर्षं उभी राहिली.

बाबा शिंपी. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढत असतानाच त्याच्या खांद्यांचं माप त्यांच्या डोक्यात लिहून व्हायचं. टेप लावायची ती फक्त गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. "माझी नजर चुकत नाही," असं ते सांगत आणि कपड्यांच्या बाबतीत ते खरंही होतं. त्याच नजरेने त्यांनी लेकीला जेवताना पाहिलं. डोळे मिटलेले, तोंडातून शब्द नाही, घास घोळवत घोळवत खाणं. "खरा रसिक असाच खातो," त्यांनी निकाल दिला आणि तेव्हापासून घरात मासा आला की सगळ्यात चांगला तुकडा लेकीच्या ताटात.

खरं सांगायची दहाव्या वर्षी तिला भीती वाटली. विसाव्या वर्षी वाईट वाटलं. तिशीत, इतकी वर्षं का नाही सांगितलं, याचंच उत्तर सापडेना. ती ग्रंथपाल होती. लोकांना गप्प बसवणं हा तिचा व्यवसाय आणि स्वतः गप्प बसणं हा स्वभाव. पण आज तिने ठरवलं होतं. मेळ्यात दिवसभर टपरीटपरीवर मासे गिळण्यापेक्षा लाँचमध्ये पाच मिनिटं वाईट होणं परवडलं.

लाँच धक्क्यावरून सुटली. वारा बरा होता, लाटा नव्हत्या. लेकीच्या पोटाला मात्र लाट लागत नसे, आठवण पुरे असे.

"आई, तू हिरवी दिसतेयस," धाकटा म्हणाला.

"हिरवी नाही, पोपटी," थोरलीने दुरुस्ती केली. ती अकरा वर्षांची होती आणि कुठलंही वाक्य तपासल्याशिवाय सोडत नसे. घरात तिला वकीलसाहेब म्हणत.

"काही झालेलं नाही तिला," बाबा शेजारच्या बाकाला सांगू लागले. शेजारच्या बाकाने विचारलं नव्हतं. "मासे जवळ आले की अशी घालमेल होते तिची. लहानपणापासून."

"नशीबवान आहात. आमची सून नाक मुरडते," शेजारचे काका म्हणाले.

लेकीने कठडा धरला. "बाबा, मला तुम्हाला एक सांगायचंय."

"आधी मी सांगतो." बाबांनी पिशवीतून काहीतरी काढलं. पांढराशुभ्र एप्रन होता, छातीवर निळ्या धाग्याने मोठा सातचा आकडा भरलेला. "मेळ्यात स्पर्धा आहे. डोळे बांधून चव ओळखायची. तुझं नाव तीन आठवड्यांपूर्वीच दिलंय."

"माझं?"

"मग काय माझं? मला सगळे मासे सारखेच लागतात. अर्जात 'विशेष पात्रता' असा रकाना होता. मी लिहिलं, जन्मापासून."

"पूर्ण वाक्य लिहायला हवं होतं, आजोबा," थोरली म्हणाली.

"बाबा, अहो, पण मी..."

"घालून तर बघ."

तिने एप्रन घातला. टेप न लावता शिवलेला, तरी खांद्यापासून कमरेपर्यंत असा बसला, की शेजारच्या काकांनी स्वतःच्या सुनेचं माप तिथेच तोंडी सांगायला सुरुवात केली. बाबांचा चेहरा पाहून लेकीने तयार केलेलं वाक्य गिळलं. दिवसातला तो पहिला घास.

आई खालच्या आवाजात म्हणाली, "नाही म्हण ना सरळ. चारचौघांत खायला लाजतेस, माहितीये मला."

म्हणजे आईलाही खरं माहीत नव्हतं.

मेळ्याच्या मांडवात सात खुर्च्या मांडल्या होत्या. सहाव्या खुर्चीवर मासळी बाजारातल्या लिलाववाल्या बाई बसल्या होत्या. लागोपाठ तीन वर्षं जिंकलेल्या. त्यांनी लेकीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"पहिल्यांदाच?"

"हो."

"घाबरू नको गं. पाच बश्या असतात. तिसरीला सगळे आडवे होतात."

मेळ्याच्या चिटणीसांनी डोळ्यांवर पट्टी बांधली आणि त्याच क्षणी लेकीला सुटकेचा रस्ता दिसला. हरायचं! पाचही बश्यांना चुकीची नावं सांगायची. छत्तीस वर्षांची कीर्ती पाच मिनिटांत धुळीला मिळेल, बाबा थोडे हिरमुसतील, आणि मग परतीच्या लाँचमध्ये खरं सांगणं सोपं जाईल. इतका स्वच्छ बेत तिने आयुष्यात केला नव्हता.

पहिली बशी आली. पेराएवढा मऊ तुकडा जिभेला लागायच्या आधीच तिसरीच्या वार्षिक परीक्षेची सकाळ डोळ्यांपुढे उभी राहिली. गणिताचा पेपर आणि घशाशी आलेला बांगडा. आवडीची गोष्ट माणूस एखाद वेळी विसरेल. तिटकारा कधी विसरत नाही. कोळंबीची किळस वेगळी, ती जिभेच्या टोकाला. रावसाची मागे, पडजिभेपाशी. या सगळ्यांना ती डोळे मिटूनच ओळखत होती, कारण डोळे उघडे ठेवून तिने एकही खाल्ला नव्हता.

"सात नंबर, उत्तर?"

चुकीचं नाव ओठांवर आलं होतं. तेवढ्यात तिला प्रेक्षकांतून बाबांचा आवाज ऐकू आला. ते कुणालातरी हळूच सांगत होते, "बोलायला वेळ लावते. पण बोलली की पक्कं." त्यांच्या मते हळूच. मांडवभर ऐकू गेलं.

"बांगडा," लेक म्हणाली.

दुसऱ्या बशीला चुकायचं ठरलं. कोळंबी. तिसऱ्या बशीला चार स्पर्धक खरोखरच आडवे झाले आणि लेकीने रावस सांगून टाकला. चौथ्या बशीनंतर पट्टीआड दोघीच उरल्या, ती आणि लिलाववाल्या बाई.

"आजी, आई रडतेय," धाकट्याचा आवाज.

"आनंदाने," बाबा म्हणाले.

पाचवी बशी. लिलाववाल्या बाई क्षणात म्हणाल्या, "सुरमई." टाळ्या झाल्या. लेकीने घास तोंडात घेतला आणि तिचं सगळं अंग शहारलं. तिने तो गिळला कसा, हे तिचं तिलाच माहीत.

"सुरमई," ती म्हणाली. मग राहवलं नाही. "पण कालची आहे."

 चिटणीस म्हणाले, "अहो, असं कसं? सगळी मासळी आज पहाटेची आहे. छापलंय तसं."

"छापलंय म्हणजे पुरावा नाही," वकीलसाहेबांनी खालून हरकत घेतली.

बाईंनी स्वतःची पट्टी सोडली, लेकीची बशी ओढून घेतली, वास घेतला, पुन्हा घेतला. मग आचाऱ्याकडे नुसतं पाहिलं. आचारी अर्धं मिनिट टिकला. "एकच उरली होती हो बर्फातली. म्हटलं, मसाल्यात काय कळतंय," तो म्हणाला.

"मासा तर मीही ओळखला," बाई म्हणाल्या, "हिने त्याचं वय सांगितलं. मी हरले." आणि त्यांनी लेकीला अशी मिठी मारली, की पाचही बश्या एकदम वर यायला पाहू लागल्या.

बक्षीस म्हणून एक कप मिळाला, आणि पुढच्या रविवारपासून वर्षभर दर रविवारी टोपलीभर ताजे मासे घरपोच.

"वर्षभर?" लेकीने विचारलं.

"बावन्न रविवार," थोरलीने खुलासा केला.

परतीच्या लाँचमध्ये कप बाबांच्या मांडीवर होता. सुकाणूवरचा माणूस, तिकीटवाला, सकाळचे काका, सगळ्यांनी तो हातात घेऊन पाहिला. कालच्या सुरमईची गोष्ट बाबांनी चार वेळा सांगितली. चौथ्या वेळी ती परवाची झाली होती. मग ते दमले आणि लेकीशेजारी येऊन बसले.

"सकाळी काय सांगत होतीस?"

आता विचारत होते. ऊन उतरलं होतं, मुलं आजीला टेकून पेंगत होती, आजूबाजूला ऐकणारं कुणी नव्हतं. याहून चांगली वेळ मिळणार नव्हती.

"काही नाही. एप्रन छान झालाय, म्हणत होते."

"होणारच. तुझं माप घ्यावं लागत नाही मला," बाबा म्हणाले.

राहू दे, तिने मनात म्हटलं. उद्या सांगू. नाहीतर पुढच्या रविवारी, टोपली आली की.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेले, त्रास झाला नाही.

टोपलीला हे कुणी कळवलं नव्हतं. ती ठरल्या रविवारी आली. पहिल्या तीन टोपल्या शेजारी वाटल्या. चौथ्या रविवारी आईने टोपलीवरचं फडकं काढलं, बराच वेळ आत बघत राहिली आणि म्हणाली, "आज करते. किती दिवस नुसतं वरणभातावर राहायचं? मुलांनाही हवंय काहीतरी."

मुलांना घेऊन लेक जेवायला आली. ताटं मांडली गेली. आईने सवयीने सगळ्यात चांगला तुकडा तिच्या ताटात वाढला आणि समोर बसून बघत राहिली. खाल्ला नसता तर आई रडली असती. लेकीने डोळे मिटले, श्वास धरला, घास घेतला आणि किंचाळली.

"काय झालं?"

"टोचलं! काहीतरी टोचलं!"

"काटा असेल अगं! थांब, पाणी नको, भाताचा घास गीळ कोरडाच. पाठीत मार रे तिच्या!"

धाकट्याने ही परवानगी मनापासून वापरली. भाताचे तीन घास आणि सात बुक्के झाल्यावर काटा खाली उतरला. लेकीने डोळे पुसले. समोर फडताळावर कप चकाकत होता.

"यात काटे असतात?" मेळ्यातल्या सगळ्या स्पर्धकांना हरवलेल्या लेकीने विचारलं.

आई तिच्याकडे बघतच राहिली. "मासा आहे तो. काटे नसतील तर काय बटणं असतील?"

"पण मला कधीच..."

"तुला कसे लागतील? तुझ्या ताटात वाढायच्या आधी तुझे बाबा काढायचे ना. ओट्याशी उभे राहून, चष्मा लावून, शिवण उसवावी तसे एकेक. टाचण्या उचलायचा चिमटा होता दुकानातला, तो त्यासाठीच घरी आणलेला. मी म्हणायची, चाळीस वर्षांची घोडी झाली, शिकेल की आता. तर म्हणायचे, ती डोळे मिटून खाते, तिला दिसणार कसे?"

  धाकट्याने स्वतःच्या ताटातला तुकडा बोटाने चाचपून पाहिला आणि काटे शोधू लागला.

लेकीने डोळे उघडे ठेवून ताटातल्या माशाकडे पाहिलं. बहुतेक पहिल्यांदाच. मग ती बोलली, शेजारच्या घरात ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, आणि आईशी नव्हे.

"बाबा, मला मासे आवडत नाहीत. पहिल्या घासापासून कधीच आवडले नाहीत. तुम्ही मात्र फार आवडायचात."