खिट्टी आतून

जमीनमोजणी खात्यातून निवृत्त झालेले मोजणीसाहेब रविवारी सकाळी आपल्याच दिवाणखान्यात, आपणच बनवलेल्या यंत्रमानवात अडकले, तेव्हा त्यांची लेक तान्ह्या मुलीला घेऊन इस्पितळातून निघाली होती. घरात पाऊल टाकल्यावर बाळ पहिल्यांदा बाबांच्याच हातात देईन, असे तिने कबूल केले होते. मोजणीसाहेबांचे हात मात्र या क्षणी पत्र्याचे होते आणि कोपरात वाकत नव्हते.

"पोचतीलच आता," पत्नी म्हणाली. "निघा बाहेर."

"तेच करतोय," पत्र्यातून आवाज आला.

"मला तर तुम्ही नुसते उभे दिसताय."

हा यंत्रमानव एका अवकाशपटांच्या मालिकेतला. पहिल्या चित्रपटात मरणोन्मुख कप्तान त्याला 'फुंकर' म्हणतो. दुसऱ्यात तो स्वतः आपले नाव 'भाला-सात' असे सांगतो. तिसऱ्यात सगळे त्याला नुसते 'तो' म्हणतात. लेखकाच्या या विसराळूपणावर मालिकेच्या, दर रविवारी भरणाऱ्या रसिक मंडळात दोन संप्रदाय उभे राहिले होते. मरताना माणूस खोटे बोलत नाही, हा फुंकरवाद्यांचा सिद्धांत. ज्याचे नाव त्यालाच ठाऊक असणार, हा भालावाद्यांचा. एरवी वर्तमानपत्रही धड न वाचणारी माणसे या प्रश्नावर पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष मांडत, आणि पुराव्यांचा दुष्काळ जितका तीव्र, तितकी मतांची सुगी भरघोस येई.

मोजणीसाहेब फुंकरवाद्यांचे अध्वर्यू. पहिल्या चित्रपटात फुंकरच्या अंगावर बाहेरून कुठेही खिट्टी दिसत नाही. त्या अर्थी ती आतून असणार, असे अनुमान काढून त्यांनी ती आतून बसवली, तीही मानेच्या मागे. धड डोक्यावरून खाली सरकवले की ती आपोआप बसे, याचा त्यांना अभिमान होता. आजवर तो पोशाख रिकामाच उभा होता. आज नातीचे स्वागत फुंकरने करावे, या उमाळ्यापायी त्यांनी आधी पाय चढवले, मग हातांसकट धड. खिट्टी बसली. अभिमानाप्रमाणेच घट्ट बसली.

पत्नीने मंडळाच्या सचिवांना बोलावले. सचिव विमे विकत; हे विमेवाले पत्रा कापायची कात्री घेऊन धावत आले आणि यंत्रमानवासमोर येऊन थबकले.

"वहिनी, कापायचं कुठून? पहिल्या चित्रपटाप्रमाणे जोड छातीवर आहे, दुसऱ्याप्रमाणे बगलेत. मी सचिव पडलो. मला बाजू घेता येत नाही."

"पाठीवर कापा."

"पाठ कुठल्याच चित्रपटात नीट दिसलेली नाही."

"छातीवर घ्या," आतून आदेश आला. "बगलेत कापाल तर याद राखा."

पत्नी खुर्चीवर बसली. "मला एक सांगा. सिनेमातल्या त्या यंत्राच्या आत माणूस नव्हता, हे तुमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही का?"

हा मुद्दा मंडळाच्या एकाही सभेत उपस्थित झालेला नव्हता.

विमेवाल्यांनी अखेर छातीवर कात्री लावली. पत्रा जुन्या पाण्याच्या टाकीचा होता. कात्रीचे पातेच वळले.

"मी दंतवैद्यांना बोलावते," पत्नी उठली.

"त्यांना नको."

"समोर तर राहतात."

"मागच्या सभेत त्यांनी दात तपासायचा आरसा घेऊन माझ्या फुंकरचे दोष काढले. तासभर. सगळ्यांसमोर. आता त्यांनी मला असं बघायचं?"

"बरं. मग बाळ विमेवाल्यांच्या हातात देते."

"बोलवा," पत्र्यातून आवाज आला.

भालावाद्यांचे अग्रणी असलेले दंतवैद्य पिशवी घेऊन आले. त्यांनी यंत्रमानवाला एक प्रदक्षिणा घातली. चेहऱ्यावर आनंद दिसू नये याचे त्यांनी आटोकाट प्रयत्न केले.

"डाव्या खांद्यामागे फट राहिली आहे, असं मी सभेत म्हणालो होतो. तुम्ही काय म्हणालात?"

"मत्सर म्हणालो."

"आणि आता?"

"आता फट म्हणतो. डॉक्टर, गाडी येईल हो."

दंतवैद्यांनी फटीतून आरसा आत घातला, पाठोपाठ बारीक आकडी. "दिसली खिट्टी. हलू नका. दुखलं तर सांगा."

तेवढ्यात फाटकापाशी गाडी थांबली आणि बाळाचे रडणे ऐकू आले. मोजणीसाहेबांचा धीर सुटला.

"डॉक्टर, लवकर काढा. हवं तर भाला-सात म्हणतो. मान्य. भाला-सातच."

आकडी जागच्या जागी थांबली. दंतवैद्यांचा चेहरा पडला.

"असं नका करू हो," ते हळूच म्हणाले. "सहा वर्षं मी तुमच्याशी भांडतोय. असं मान्य केलंत तर मी रविवारी करू काय? शब्द मागे घ्या, मग काढतो."

"घेतला. फुंकर."

"साफ चूक," दंतवैद्य समाधानाने म्हणाले, आणि खिट्टी टक्कन उघडली.

धड वर निघाले. घामाने निथळलेल्या मोजणीसाहेबांना पत्नीने पंच्याने पुसले. लेक दारातून आत आली, वडिलांकडे पाहून जागीच थांबली. मग काही न विचारता तिने बाळ त्यांच्या हातात दिले. रडे थांबले. मोजणीसाहेबांची नजर उतरवलेल्या धडाकडे गेली. आपल्या आयुष्याच्या या कामाकडे इतक्या बारकाईने आजवर कुणी पाहिले होते? फुंकरवाद्यांनी नुसत्या टाळ्या वाजवल्या होत्या. फट एका वैऱ्याला दिसली होती.

"डॉक्टर," ते म्हणाले, "तुमचे उपकार कसे फेडू?"

"राहू द्या. आता बसा खुर्चीवर. बाळ घेऊन उभे किती वेळ राहणार?"

"बसता येत नाही. कमरेखाली अजून तसाच आहे. पायांच्या खिट्ट्याही आतूनच आहेत."

दंतवैद्य गुडघ्यांवर बसले. आरसा घोट्यापासून कमरेपर्यंत दोनदा फिरवला आणि खिन्नपणे पिशवीत ठेवला.

"पायांबद्दल त्या दिवशी मी काहीच बोललो नव्हतो, आठवतंय? मुद्दाम सोडले होते."

"का?"

"दोषच सापडला नाही. कुठेही फट नाही. अप्रतिम काम आहे तुमचं."

सहा वर्षांत या तोंडून आलेली ही पहिली स्तुती. मोजणीसाहेबांचे डोळे भरून आले. नातीला छातीशी धरून, पत्र्याच्या निर्दोष पायांवर, ते कृतज्ञतेने उभे राहिले.