आधी वाघ म्हणा

एका जंगलात, मुलांनो, एक हाक होती. नीट मांडी घालून बसा, कारण हाक म्हणजे काय हे आधी समजलं पाहिजे.

वाघ दिसला की उंच सागावरून वानर ओरडायचं आणि खाली सगळे पळायचे. मोहाची फुलं पडली की तेच वानर ओरडायचं आणि सगळे खायला धावायचे. पलीकडच्या जंगलात हाक राजाच्या मालकीची होती. ऐकायची तर नजराणा द्यावा लागे. इथे तसलं काही नव्हतं. हाक सगळ्यांची. कोणीही ऐकावी, कोणीही वापरावी, कोणीही सुधारावी. जंगलाला याचा फार अभिमान होता.

ज्याने हाकेत सुधारणा केली, त्याचं नाव हाकेच्या सुरुवातीला घ्यायचं, अशी रीत होती. रीत चांगलीच म्हणायची. फुकट राबणाऱ्याचं निदान नाव तरी घ्यावं.

फक्त झालं काय, की नावं सदतीस झाली.

त्यामुळे हाक आता अशी होती. आधी सदतीस नावं. मग 'सर्वांनी लक्ष द्यावे, जंगलात आला आहे'. आणि अगदी शेवटी 'वाघ', नाहीतर 'मोह'. तोवर पळायचं की खायला जायचं हे कोणाला कळत नसे. वाघ साधारण तिसाव्या नावाच्या सुमारास पोचायचा.

त्या जंगलात धोंडू नावाचं एक भेकर राहत होतं. भेकर म्हणजे लहानखुरं हरीण. त्याला नुकतीच मुलगी झाली होती, ठकी. ठकीच्या चार पायांपैकी तीनच तिचं ऐकत. हाक संपल्यावर पळायला लागली तर ही काही वाचत नाही, हे धोंडूला दिसत होतं. त्याला घास गोड लागेना.

त्याने विचार केला. 'वाघ' हा शब्द उचलून सगळ्यात पुढे ठेवायचा. बाकीचं मागून म्हणा, सावकाश म्हणा. एका शब्दाचं तर काम.

तो भाऊसाहेब वानरांकडे गेला. हाक सांभाळायचं काम बारा वर्षं भाऊसाहेबांकडे होतं, तेही बिनपगारी. त्यामुळे ते कायम वैतागलेले असत.

"भाऊसाहेब, आधी वाघ म्हणा," धोंडू म्हणाला.

"झाडाच्या सालीवर लिहून आण. तोंडी सांगितलेलं मी धरत नाही."

"एकच शब्द आहे हो."

"सगळ्यांचा एकच शब्द असतो. पटत नसेल तर आपली वेगळी हाक काढ. खारींनी काढली."

"मग?"

"ती खारींनाच ऐकू येते."

धोंडूने सालीवर लिहून आणलं. भाऊसाहेबांनी ती साल इतर सालींच्या ढिगावर ठेवली. नऊ दिवसांनी तिचा नंबर लागला. तेवढ्यात दोन ससे आणि एक रानडुक्कर हाकेच्या लाभार्थींतून कमी झाले होते.

तपासणीचं काम साळिंदरबुवांकडे होतं. त्यांनी साल नाकाशी धरली.

"ही सागाची साल आहे. आपल्याकडे ऐनाची चालते. अक्षर डावीकडे झुकलंय. आणि शब्द का हलवला, ते कुठे लिहिलंय?"

"वाघ खातो म्हणून."

"तसं लिही की. पण 'खातो' नको. 'गैरसोय होते' असं लिही. हाक ऐकणाऱ्यांत वाघही आहे."

धोंडूने ऐनाच्या सालीवर, सरळ अक्षरात लिहिलं: वाघ आल्याने गैरसोय होते.

"छान," साळिंदरबुवा म्हणाले. "आता चाचणी. नवी हाक चालते याचा पुरावा पाहिजे. वाघ घेऊन ये."

धोंडूची बायको हौसा हे ऐकून कपाळाला हात लावून बसली. "अहो, तुम्हाला खूळ लागलंय का? पोरीला घेऊन नदीपलीकडे राहू या."

"अगं, आपल्यापुरतं बघून कसं चालेल? सगळ्यांची पोरं आहेत."

खरं सांगतो मुलांनो, त्या क्षणी मला धोंडू फार आवडला होता.

तो ओढ्याच्या अलीकडे उभा राहिला आणि पलीकडच्या वाघाला त्याने सगळं ओरडून सांगितलं. वाघ सज्जन निघाला. "जेवून येतो," म्हणाला, "म्हणजे निकालात माझा स्वार्थ नको."

चाचणी झाली. पहिल्याच शब्दाला जंगल रिकामं झालं. माळावर वाघ एकटा उरला. त्याने सालीवर शेरा दिला: 'सुधारणा उत्तम. मात्र जुन्या हाकेवर काहींचं पोट चालतं, याचा सहानुभूतीने विचार व्हावा.' भाऊसाहेबांनी त्याचंही नाव हाकेत घालायची तयारी दाखवली. वाघ लाजला. "नावासाठी मी काही करत नाही," म्हणाला.

आता काम झालंच, असं धोंडूला वाटलं. तेवढ्यात नाववाल्यांची तक्रार आली. सदतिसांपैकी जे अजून हयात होते, ते सगळे चिडले होते.

"आमची नावं वाघानंतर? एकदा वाघ म्हटल्यावर पुढचं ऐकायला थांबणार कोण?"

मुद्दा बिनतोड होता. भाऊसाहेबांनी दोन दिवस डोकं खाजवलं आणि मधला मार्ग काढला. नावं पहिल्यासारखी पुढेच राहतील. त्यानंतर लगेच 'वाघ', आणि 'सर्वांनी लक्ष द्यावे' त्याच्याही मागे.

"सुधारणा मंजूर," ते म्हणाले. "आणि रीतीप्रमाणे तुझं नाव अडतिसावं."

अहो, याने 'वाघ' होता तेवढाच मागे राहिला, असं धोंडू म्हणणार होता. पण सालीवर त्याचं नाव लिहिलेलं होतं. धोंडू भेकर. त्याने ते पुन्हा वाचलं. आजवर त्याचं नाव कशावरच लिहिलेलं नव्हतं.

घरी येऊन त्याने हौसाला सांगितलं, "अडतिसावं आहे. म्हणजे वाघाच्या अगदी शेजारी."

तिसऱ्या दिवशी हाक सुरू झाली. पहिल्या नावालाच हौसाने ठकीला डोक्याने ढकलत नदीची वाट धरली. "चला," ती म्हणाली. "मोह असला तर उपाशी राहू."

"तुम्ही व्हा पुढे. एवढं ऐकून आलोच."

तो कान टवकारून उभा राहिला. एकतीस. बत्तीस. समोरचं गवत हललं, तेही त्याला दिसलं. छत्तीस. सदतीस. मग सागाच्या शेंड्यावरून भाऊसाहेबांचा खणखणीत आवाज आला. "धोंडू भेकर."

धोंडूचा ऊर भरून आला. त्याच्या नावामागोमाग वाघ आला. हाकेतही आला आणि गवतातूनही.

गेलेल्यांची नावं काढायची नाहीत, असाही नियम आहे. त्यामुळे आजही त्या जंगलात रोज धोंडूचं नाव घेतलं जातं. नदीपलीकडेही ते ऐकू जातं. ठकीचे आता चारही पाय तिचं ऐकतात.

"आई, बाबांचं नाव," ती म्हणते.

"हो," हौसा म्हणते. "पळ."

तात्पर्य: मुलांनो, सगळ्यांच्या कामाला जरूर हातभार लावा. सुधारणा टिको न टिको, नाव टिकतं. आणि कोणी आपलं नाव पुकारत असेल, तर ते शेवटपर्यंत थांबून ऐकावं. तशी संधी दुसऱ्यांदा येत नाही.