आठाला शेपूट असते

विजयमालाच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा निर्णय तिच्या नवऱ्यानं रेल्वेच्या खिडकीतून घेतला, आणि गाडी सुटली.

शिवशरणची बदली जेऊर स्टेशनला झाली होती. सोमवारी जायचं, शनिवारी रात्री यायचं. मागं सोलापुरात उरणार होती त्याची फटफटी, त्याची आई निंगव्वा आणि त्याची बायको विजयमाला. (हा क्रम त्याचा. तिनं तो कधीच मनाला लावून घेतला नाही. फटफटीला ती स्वतःही घाबरूनच असायची.)

खरं तर विजयमाला कशालाही घाबरायची. माढ्याची मुलगी, बी. ए. झालेली, पण टपालवाल्यानं हाक मारली की हातातलं भांडं सोडायची. दूध उतू गेलं की दूध राहायचं बाजूला, हिलाच आधी सावरावं लागायचं. आणि मिलचा भोंगा! अख्खं सोलापूर त्या भोंग्यावर उठायचं, जेवायचं, घड्याळ लावायचं. लग्न होऊन दोन वर्षं झाली तरी भोंगा झाला की विजयमाला दोन्ही कानांवर हात ठेवून जागच्या जागी बसायची, मग ती जागा भररस्त्यात का असेना.

जगात एकच ठिकाण असं होतं जिथं ती दचकत नसे. तिचा वर्ग. सोलापूरबाहेरच्या एका खेड्यात ती दुसरीला शिकवायची. सगळी पोरं एका सुरात पाढे ओरडू लागली, कुणी बाकावरून पडलं, कुणी दप्तरातून बेडूक काढला, तरी तिथली विजयमाला शांत. तिथं दचकायचं काम पोरांचं होतं.

पण उन्हाळा लागला, शाळा सकाळची झाली, आणि पहिली एस.टी. तिथं पोचेपर्यंत दुसरा तास सुरू झालेला असायचा. त्यात आणीबाणीचे दिवस. सगळा देश वेळेवर चालत होता. हेडमास्तर वेणीमाधव गुरुजींनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "बाई, प्रार्थनेला हजर राहायला जमत नसेल तर राजीनामा द्या. मला वर उत्तर द्यावं लागतं."

"दे की मग राजीनामा," शिवशरण म्हणाला. "जेऊरला क्वार्टर मिळतंय. दोन खोल्या, पुढं अंगण, समोरून गाड्या. किती शिट्ट्या ऐकायला मिळतील!"

विजयमालानं हातातला घास पानात ठेवला. "मी पोचेन वेळेवर," ती म्हणाली. हे कोण बोललं म्हणून तिनं आधी मागं वळून बघितलं.

"कशी? उडत?"

ती त्याला भाकरी वाढायला लागली. सोमवारी स्टेशनवर मात्र शिवशरणला काय सुचलं कोण जाणे. तो खिडकीतून म्हणाला, "असं कर. फटफटी शीक! महिनाअखेर लायसन मिळालं तर नोकरी, नाही तर जेऊर. काही अवघड नाही गं. टेस्टला फक्त आठ काढायचा असतो. आठ काढला की झालं! बाकी पाहिजे तो कॉन्फिडन्स. आणि आठ काढताना एक लक्षात ठेव..."

एवढ्यात इंजिनानं शिट्टी दिली. विजयमालानं कान झाकले. लक्षात ठेवायची गोष्ट जेऊरला निघून गेली.

घरी निंगव्वा जोंधळे निवडत बसली होती. ती अक्कलकोटाकडची. विचार कन्नडात करायची, भांडण मराठीत करायची आणि भीत कुठल्याच भाषेत नव्हती.

"काय म्हनला गं त्यो?"

"आत्या, फटफटी शीक म्हणाले. आठ काढायचा म्हणाले. आणि कॉन्फिडन्स पाहिजे म्हणाले."

"ते कानफिडन कुटं मिळतंय? मंगळवार बाजारात बगू की." निंगव्वानं सूप बाजूला ठेवलं. "हे बग विजयमाला, तू जेऊरला गेलीस की मलाबी जावं लागंल. तितं माझं कोन हाय? हितं सिद्धरामेश्वर हाय, शेजारी मायाक्का हाय, भांडायला नळ हाय. तू शिकतीस का न्हाय, येवढंच बोल."

"शिकते," विजयमाला म्हणाली, आणि रडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासू, सून आणि शेजारची मायाक्का अशा तिघींनी मिळून ती फटफटी ढकलत गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानात नेली. (रस्त्यात एकानं विचारलं, "बंद पडली का?" निंगव्वा म्हणाली, "अजून चालूच झाली न्हाय.") निंगव्वानं कमरेची रांगोळीची पिशवी काढून सुनेच्या हातात दिली. "काढ आठ. आधी हातानं काढ, मग चाकानं."

विजयमालाला वर्षभरात पहिल्यांदा हायसं वाटलं. आठ काढणं हे तर तिचं रोजचं काम! पाटीवर काढून दाखवते तसाच, पण म्हशीएवढा मोठा आठ तिनं मैदानावर काढला. वरून यायचं, पोट वळवायचं आणि शेपूट लांब सोडून द्यायची : ८.

"बरोबर हाय का गं मायाक्का?" निंगव्वानं विचारलं.

मायाक्काचं घर विणकरांचं, घरात तेलुगू. तिनं मान तिरकी करून बघितलं. "आमच्यात बी आठ असाच उघडा असतोय की."

"कन्नडात बी जवळजवळ ह्योच," निंगव्वा म्हणाली.

तीन भाषांनी एकमुखानं मान्य केलेल्या आठाबद्दल शंका घेण्याचं विजयमालाला काही कारणच नव्हतं. उलट तिनं मनातल्या मनात सरकारचे आभार मानले. नऊ सांगितला असता तर? नवाला गाठ असते.

आणि या आठात आणखी एक सोय होती. तो सगळा डावीकडं वळतो. उजवीकडं वळायचं म्हणजे उजवा हात बाहेर काढून दाखवायचा. पण उजव्या हातात तर ॲक्सिलेटर! तो सोडला की फटफटी खोकायची, आणि फटफटी खोकली की विजयमालाचा जीव खाली पडायचा. म्हणून उजवीकडं वळणं तिनं आयुष्यातून वजा करून टाकलं.

शिवशरण रविवारी बोळात क्लच शिकवायचा. "सोड! हळू सोड! अगं हँडल नाही, क्लच!" तो बोळभर धावायचा, आणि ती फटफटीवर जाग्यावरच असायची. बाकी सगळा आठवडा गुरू निंगव्वा. आठाच्या शेपटीच्या टोकाला ती दोन्ही हात पसरून उभी राहायची, वासरू अडवावं तशी. समोर ते हात दिसले की विजयमालाचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. सासूला धडकण्याची भीती इतर सगळ्या भीतींपेक्षा वरची होती. थांबायची दुसरी कुठलीही पद्धत तिला येत नव्हती.

हळूहळू निंगव्वा मागं बसू लागली. देवळात जायचं तर देऊळ उजव्या हाताला. मग चौक ओलांडून पुढं जायचं आणि डावीकडं, पुन्हा डावीकडं, पुन्हा डावीकडं. देऊळ समोर! मागून निंगव्वाचे दोन्ही हात पुढं पसरायचे, आणि फटफटी थांबायची. "उलटी का हुईना, परदक्षिणा झाली की," निंगव्वा म्हणायची.

विजयमाला फटफटीवर बसली की तिचा चेहरा लाकडाचा होई. पापणी हलत नसे. भीतीनं मान आखडलेली असे, इकडंतिकडं बघणं शक्यच नसे. आणि गंमत अशी, की पेठेतले लोक म्हणायला लागले, "काय धीट बाई हाय! कुनाकडं बगत सुदीक न्हाय."

एका शनिवारी शिवशरणनं विचारलं, "आठ जमतो का?"

"जमतो."

"व्यवस्थित?"

"शेपटीसकट."

तो खो खो हसला. बायको विनोद करायला लागली म्हणजे कॉन्फिडन्स आला, असं त्याला वाटलं.

टेस्टच्या दिवशी शिवशरण रजा काढून आला. निंगव्वानं सुनेच्या आणि फटफटीच्या कपाळाला विभूती लावली. टेस्टच्या मैदानाला तारेचं कुंपण होतं, एकच फाटक होतं. आत दोन दगड ठेवलेले, आणि पुरुषांची ही रांग. विजयमाला शेवटी उभी राहायला गेली, म्हणजे बाकीच्यांचं बघता आलं असतं. पण टेस्ट घेणारे साहेब सज्जन निघाले. "बाईंना आधी सोडा," ते म्हणाले. सगळी रांग कौतुकानं तिच्याकडं वळली.

"साहेब, मी संगं जाऊ का?" निंगव्वानं विचारलं.

"आजीबाई, तुम्ही फाटकाबाहेर थांबा."

विजयमाला फाटकाकडं बघत राहिली. आत्या बाहेर, तर ती थांबणार कशी? पण किक मारून झाली होती.

"घ्या बाई. आठ काढा."

तिनं देवाचं नाव घेतलं आणि आठ काढला. असा आठ तिनं पाटीवरही कधी काढला नव्हता. वरून ऐटीत आली, दोन्ही दगडांना एकाच बाजूनं टाकून मोठं पोट वळवलं आणि शेपूट सरळ फाटकाच्या दिशेनं सोडली. फाटकाबाहेर निंगव्वानं हात पसरले. विजयमालाचा पाय ब्रेककडं निघाला.

आणि भोंगा झाला.

एरवी तिनं दोन्ही कान झाकले असते. पण हात सोडायची भीती भोंग्याच्या भीतीहून मोठी निघाली. सोडायचं ते तिनं आवळलं, म्हणजे नेमका ॲक्सिलेटर. निंगव्वानं "यव्वा ऽऽ!" म्हणून बाजूला उडी मारली आणि सून फाटकातून बाहेर.

"उजवीकडं! उजवीकडं वळव!" मागून शिवशरण धावत ओरडत होता.

उजवीकडं! जे आयुष्यातच नाही तिकडं कसं वळणार? ती डावीकडं वळली. समोर चादरींचे गठ्ठे लादलेला सायकलवाला. तो गठ्ठ्यांसकट गटारात उतरून उभा राहिला आणि त्यानं तिला नमस्कार केला. पुन्हा डावीकडं. म्हशींचा कळप. म्हशी हलल्या नाहीत, पण दोन म्हशींच्या मध्ये फटफटीपुरती फट होती, ती फटफटीनंच शोधली. विजयमालाचे डोळे सताड उघडे होते. मिटायलाही थोडा धीर लागतो. त्या उघड्या डोळ्यांसमोर जेऊरचं क्वार्टर दिसत होतं, दोन खोल्या, पुढं अंगण, आणि दुसरीच्या वर्गात तिच्या खुर्चीवर दुसरीच कुणी बाई. पुन्हा डावीकडं. टांगा, टांग्याचा घोडा, घोड्याच्या तोंडातलं गवत तिच्या पदराला. पुन्हा डावीकडं, पुन्हा डावीकडं, आणखी एकदा डावीकडं, आणि समोर तेच फाटक! फाटकात हात पसरलेली निंगव्वा!

पाय आपोआप दाबला गेला. फटफटी निंगव्वाच्या पदराला टेकून थांबली.

रांगेतले पुरुष फाटकापाशी गोळा झाले. मग साहेब जवळ आले.

"बाई, आठ कुठाय?"

"काढला की साहेब." ती खाली बसली आणि बोटानं धुळीत काढून दाखवला : ८.

साहेब त्या आठाकडं बघत राहिले. मग स्वतः उकिडवे बसले आणि शेजारी दुसरा आठ काढला, इंग्रजी, दोन भोकांचा, जिथून निघाला तिथं परत येणारा. रांगेतल्या पुरुषांनी वाकून दोन्ही आठ बघितले. शिवशरणनं कपाळाला हात लावला. (हीच ती लक्षात ठेवायची गोष्ट होती.)

"आणि ती गावाला फेरी मारून आलात, ती काय?"

निंगव्वा पुढं सरली. "साहेब, ते शून्य. पोरगी गोल फिरून आली न्हवं का? आदी आठ काढला, फुडं शून्य काढलं. तुमी आठ मागितला, तिनं ऐंशी दिला! आनि काय पायजे तुमाला?"

साहेब हसायला लागले ते थांबेनात. चष्मा काढला, डोळे पुसले, पुन्हा धुळीतल्या आठाकडं बघितलं आणि पुन्हा हसले. शेवटी म्हणाले, "इथं मैदानात आठ काढणारे रोज बघतो. त्या रस्त्यावरून म्हशी चुकवून, चेहऱ्यावरची रेघही न हलवता परत आलेलं माणूस आजच बघितलं. काय कॉन्फिडन्स आहे! द्या यांना लायसन."

शिवशरण त्या रात्री एकटाच जेऊरला गेला. निंगव्वानं पेठेत पेढे वाटले. "कानफिडन घरातच हुता," ती प्रत्येकाला सांगत होती.

सोमवारी उजाडता उजाडता विजयमाला निघाली. रस्ता मोकळा, वारा गार. शाळा दिसली. पोरं प्रार्थनेच्या रांगेत उभी राहत होती. घंटा अजून व्हायची होती. वेळेच्या आधी! तिचं काळीज आनंदानं उडालं, आणि तसंच वर राहिलं.

शाळा रस्त्याच्या उजव्या हाताला होती.

रोज एस.टी. गावात वळून दारात सोडायची. डावं-उजवं बघायचं काम ड्रायव्हरचं होतं. आणि तीनदा डावीकडं वळायला इथं बोळ नव्हते, नुसती शेतं होती. विजयमालानं दाराकडं बघितलं. दारात वेणीमाधव गुरुजी उभे होते. त्यांनी कौतुकानं हात वर केला. पण एकच. आणि ते काही आत्या नव्हते.

"बाई आल्या! बाई आल्या!" पोरं ओरडली. मग म्हणाली, "बाई चालल्या!"

पुढच्या गावाच्या वेशीवर पेट्रोल संपलं, तेव्हा कुठं फटफटी थांबली. परतीच्या एस.टी.नं विजयमाला शाळेत पोचली तेव्हा दुसरा तास सुरू झाला होता.

गुरुजी व्हरांड्यात वाटच बघत होते. राजीनामा कसा लिहायचा, याचं पहिलं वाक्य जुळवत ती खाली मान घालून उभी राहिली.

"मांडलीय तुमची हजेरी," ते म्हणाले. "प्रार्थनेच्या आधी तुम्ही शाळेसमोर होतात, मी डोळ्यांनी बघितलंय. फक्त बाई, उद्यापासून जमलं तर थांबत चला."