सुदामजींसमोर ‘पाला’ म्हणायचं नाही

आमच्या नालवाडीत सुदामजींसमोर ‘पाला’ हा शब्द काढायची सोय नव्हती. कोणी “मुंगण्याचा पाला” म्हटलं की ते सायकलवरून उतरून त्याला गाठत. मुंगणा म्हणजे शेवगा.

“पाला बकरी खाते. मानूस भाजी खाते. तू कोन हायेस, सांग!”

एकदा लग्नघरी तोरणासाठी कोणी आंब्याचा पाला मागितला. सगळ्यांनी घाबरून सुदामजींकडे पाहिलं. ते शांत होते. “तो पालाच हाये. तुमी खाता का तोरन?”

डॉक्टरांशीही ते भांडले. मुंगण्याच्या पानांनी डोळ्यांना बळ येतं, अंगात रक्त भरतं, बाळंतिणीला दूध येतं, हे त्यांनी दवाखान्यात उभं राहून सर्वांना ऐकवलं. “शीशीवर कागद चिकटवला का दवा, अन् झाडाले लागलं का कचरा? काऊन?”

मला या माणसाचा संताप यायचा. रोज सकाळी ते माझ्या फाटकाला ओल्या फडक्यात बांधलेलं भाजीचं पुडकं टांगून जात. माझी धाकटी सुमन दिवेलागणीला धडपडू लागली होती. तिला उंबरठा दिसेना, ताटातली भाकर ती चाचपडून घेई. डॉक्टरांनी माशाच्या तेलाची बाटली दिली आणि हिरव्या भाज्या खाऊ घाला म्हणाले. मी बाटलीचं तेवढं ऐकलं. सुमन ते तेल ओकून टाकी. तरी ती भाजी मी घरात शिजू दिली नाही. कचेरीत बाबू असलेल्या माणसाच्या घरी झाडाचं ओरबाडून खातात, असं कोणी म्हणू नये, एवढीच माझी काळजी. पुडकं रोज बकरीपुढे जाई.

दीड महिन्यानं सुदामजी फाटकाशी थांबले.

“बकरी मोठी चमकून राह्यली, बाबूजी. काय चारता?”

“पाला,” मी म्हणालो.

शब्द सुटला तेव्हा कळलं. ते ओरडतील म्हणून मी वाट पाहिली. ते सायकल हातात धरून पायी निघून गेले.

दुसऱ्या सकाळी पुडकं पुन्हा फाटकाला होतं. आता मलाच राग आला. हा माणूस मला लाजवतो काय? पुडकं परत करायला मी तडक त्यांच्या घरी गेलो.

अंगणात त्यांची बायको सूप घेऊन बसली होती. ती कधी बाहेर दिसत नसे. बोटांनी चाचपत ती एकेक पान काडीपासून वेगळं करत होती. मी नाव सांगितलं, तेव्हा ती माझ्या आवाजाकडे वळली. डोळे पांढरे पडले होते.

“सुमनचे बाबा का? काडी तं नाई लागत ना पोरीले? मले दिसत नाई, भाऊ, बोटानंच निवडा लागते. माह्यंही असंच सुरू झालतं, दिवेलागनीले. सासू मुंगन्याची भाजी टाकाले जायची, तं हे म्हनायचे, माह्या घरी पाला शिजन नाई.” ती हसली. “तवा लई रुबाब होता त्यायचा. पोरगी खाते ना, भाऊ?”



“खाते वं,” मागून सुदामजी म्हणाले. ते दारात उभे होते. “वाटी चाटून खाते.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

पुडकं मी तसंच घरी आणलं आणि बायकोच्या हातात दिलं. म्हटलं, “आज ही भाजी टाक.”

बाहेर बकरी ओरडत राहिली.