दिवाणजी चष्मा शोधीत होते तेव्हाची हकीकत

श्री. देवास नमस्कार करून, घडले तेवढेच लिहिले आहे. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, मार्गशीर्ष वद्य सप्तमी, रविवार, ते दिवशी वाचकमंडळीस खबर कळली की शरयूबाई गेल्या. बाईंनी संगणकावरील खेळात समुद्रकाठचे एक लहान राज्य दोनशे वर्षे चालविले होते, आणि दर रविवारी त्याची हकीकत इंटरनेटवरील मंडळीस लिहून कळवीत, आणि ऐसे सत्तेचाळीस अध्याय जाहले होते. मग तीन रविवार काहीच आले नाही, तेव्हा मंडळींनी विचारपूस केली, आणि बाईंचे यजमान त्र्यंबकराव, पाण्याचे पंप दुरुस्त करणारे गृहस्थ, यांनी एका बोटाने टाइप करून कळविले की लिहिणारी गेली, राज्य थांबले आहे. मंडळींनी दुखवटा केला. मग अकोल्याचे पद्माकर गावंडे यांनी भीत भीत पुसिले, "काका, दिवाणजी म्हणजे तुम्हीच का?"

त्र्यंबकरावांस काही उमजेना. बाई असता त्यांनी एक अध्याय वाचिला नव्हता. मग पहिल्यापासून वाचावयास बसले, आणि पाहतात तो दरबारी एक दिवाण, आणि दोनशे वर्षांत धनी बदलले परी दिवाण तोच, आणि फौज निघाली की तो म्हणे, आधी जेवून घ्या, मग लढा, आणि चष्मा कपाळावर ठेवून सारा राजवाडा धुंडाळी. वाचकांस तोच सर्वांहून लाडका. त्र्यंबकराव हसले, की या दोन्ही खोडी तर आपल्याच.

मग मंडळींनी गळ घातली की दिवाणजींनी कारभार पाहावा, आणि त्र्यंबकरावांनी राज्य उघडिले, आणि अक्षर दिसेना म्हणून चष्मा शोधावयास गेले. उठण्याआधी खेळातला काळ थांबवावा लागतो, हे त्यांस ठाऊक नव्हते. परत येतात तो अकरा वर्षे लोटली, तीन किल्ले शेजाऱ्याने घेतले, आणि बाईंनी जिला आपले नाव दिले होते ती शरयू राणी वारली, आणि पुतण्या तख्ती बसला.

बाईंनी थांबविलेला डाव संगणकात जपलेला होता. तो उघडिता राणी जिवंत, किल्लेही आपले. परंतु मंडळीचा कायदा ऐसा की झाले ते झाले, मागे फिरणे नाही, आणि फिरला त्याची हकीकत कोणी वाचीत नाही. गावंड्यांनी लिहिले की काका, एवढी वेळ फिरा, सर्वांची संमती आहे, कोणी ब्र काढणार नाही. त्र्यंबकरावांनी तीन वेळा बोट नेले आणि तीन वेळा मागे घेतले. एकदा बाईंचा युवराज फुकाच्या लढाईत पडला, आणि बाई दोन दिवस धड जेवल्या नाहीत, तेव्हा यांनीच म्हटले होते की खेळच तो, घे मागे. त्यावर बाई बोलल्या होत्या, "मग लिहू काय?"

मग त्र्यंबकरावांनी मंडळीस कळविले की मागे जाणे नाही, आणि अठ्ठेचाळिसावा अध्याय लिहिला. तो दोनच ओळींचा जाहला: "दिवाण चष्मा शोधीत होता. तेवढ्यात राणी गेली." मंडळी हसली, आणि कित्येकांनी मागून लिहिले की हसू आले, माफी असावी. दिवाणजींनी उत्तर धाडिले की तिलाही आले असते.

एकूण राज्य दोनशे अकरा वर्षांचे जाहले. दिवाण कामावर आहे. चष्मा सापडला. तीन किल्ले घेणे बाकी आहे.